कळी अडली कुठे?

गणपती आठ दिवसांवर आले असताना वरच्या मजल्यावरच्या काकू ओंजळभर कळ्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. जास्वंदीच्या कळ्या. टपोऱ्या, टोकाला जरा लाल दिसणाऱ्या, पण एकही उमललेली नाही. "अगं, रोज सकाळी एवढा सडा पडलेला असतो. झाड बघ कसं हिरवंगार आहे. कुणाची नजर लागली का काय!" तोवर त्यांनी झाडाला ताक, कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याच्या सालींचं पाणी आणि मोबाइलवर कुणीतरी सांगितलं म्हणून चमचाभर एप्सम सॉल्ट, एवढं सगळं पाजून पाहिलं होतं.

मी एक कळी पांढऱ्या कागदावर ठेवली आणि जुन्या ब्लेडने उभी चिरली. आतली पाकळ्यांची गुंडाळी ओलसर, तपकिरी पडलेली. तिच्यात तिळाहून बारीक, पिवळट पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक तर टुणकन उडून कागदाच्या कडेला जाऊन पडली. काकू दोन पावलं मागे सरकल्या. नजर लागली होती खरी, पण माशीची.

ही मिज माशी. ज्वारीवरची मिज आणि भातावरची गादमाशी शेतकऱ्यांना पाठ असतात, ही त्यांच्याच भावकीतली. डासाहूनही लहान असल्यामुळे ती दिसत नाही, दिसतं ते तिचं काम. कळी कोवळी असताना मादी तिच्या टोकात अंडी घालते, अळ्या आत शिरून पाकळ्यांचा रस खातात, कळी पिवळी पडून देठाच्या सांध्यापाशी सुटते. अळ्या मग कळीतून निघून मातीत शिरतात, तिथे कोष करतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत नवी पिढी पुन्हा वरच्या कळ्यांवर हजर. म्हणजे काकू रोज सकाळी ज्या कळ्या झाडून कुंडीतच खत म्हणून टाकत होत्या, त्या कळ्या म्हणजे माशीचं बाळंतघर होतं. वरून कितीही कडुनिंबाचं तेल फवारलं तरी मिटलेल्या कळीतल्या अळीपर्यंत ते पोचत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: गळलेल्या आणि झाडावर पिवळ्या पडलेल्या कळ्या रोज वेचायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवायच्या आणि मग फेकायच्या. कुंडीतली वरची बोटभर माती अधूनमधून उकरून वाळू द्यायची. दीड-दोन महिने नेटाने केलं तर चक्र तुटतं.

पण जास्वंदीची कळी गळली की माशीच, असं मात्र नाही. ब्लेड मारल्यावर आत स्वच्छ, ताज्या पाकळ्या निघाल्या तर गुन्हेगार बाहेर शोधायचा. मे महिन्यात कुंडी दोन दिवस कोरडी राहिली का? की उलट, बशीत पाणी साचून मुळं गुदमरली? झाड नुकतंच नर्सरीतून आलंय का? बंद टेम्पोत तासन्तास कोंडलेल्या झाडाच्या आसपास इथिलीन साठतं. कच्चे आंबे पिकवणारा हाच तो वायू, आणि कळीच्या देठाशी 'सोड' असा निरोप देणाराही हाच. अशा झाडाच्या पहिल्या हप्त्यातल्या कळ्या गळतात. त्याला काहीही करायचं नसतं, सावलीत ठेवून थांबायचं असतं. आणि एक गंमत. निम्म्या लोकांची तक्रार मुळात तक्रारच नसते. साधी लाल जास्वंद एक दिवसाची पाहुणी. संध्याकाळी ती पाकळ्या मिटून, छत्रीसारखी गुंडाळून घेते आणि दुसऱ्या दिवशी पडते. सकाळी अंगणात पडलेलं ते गुंडाळलेलं फूल लोक 'न उमललेली कळी' समजतात. हातात घेऊन उलगडून बघा, आतला तो लांब केसर मऊ पडलेला असेल तर फूल आपला दिवस जगून गेलंय.

डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'पोटात दुखतंय' म्हटलं तर तो विचारतो, कुठे, कधीपासून, काल काय खाल्लं? 'झाडाला फूल येत नाही' हे वाक्यही तसंच मोघम आहे. फूल काही एकदम येत नाही. आधी फांदीचं टोक पान सोडून फूल करायचं ठरवतं, मग कळी दिसते, वाढते, उमलते, रंगते. या वाटेवर ते नक्की कुठवर आलं होतं, ही पहिली चौकशी. दुसरी चौकशी, बिघाड सगळ्या झाडावर आहे की एकाच फांदीवर. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत बाटली विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोहल्ल्यातल्या खताच्या दुकानदाराला ते पटणार नाही.

कळीच दिसत नाही, तिथून सुरुवात करू. फ्लॅटमधल्या बागेत याचं कारण दहापैकी सात-आठ वेळा ऊन असतं, आणि ऊन वर्षभर एका जागी बसत नाही. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या मुदतीच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. उरलेल्या वर्षात सूर्य दक्षिणेला झुकलेला. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन दिवाणखान्यापर्यंत येतं आणि ऐन उन्हाळ्यात मात्र वरच्या स्लॅबची सावली कठड्यावर पडते. तिथला गुलाब थंडीत फुलतो आणि मेमध्ये नुसती पानं काढत बसतो, यात गुलाबाचा काय दोष? समोर नवी बिल्डिंग उभी राहिली असेल तर तेही धरा. कुंडीपाशी सकाळपासून तासातासाने डोकावून ऊन किती तास आहे ते एकदा लिहून काढा. मोगरा, जास्वंद, गुलाब, बोगनवेल यांना पाच-सहा तास थेट ऊन हवं. 'भरपूर उजेड आहे' म्हणजे ऊन नव्हे.

ऊन आहे, झाड गडद हिरवं आहे, पानं तळहाताएवढी, तरी कळी नाही? मग लाड जास्त झालेत. युरिया किंवा घरचं कोंबडीखत यांत नत्र भरपूर, आणि नत्र मिळत राहिलं की झाड वाढण्यातच रमतं. बोगनवेलीचं तर उलटच आहे. तिला पाणी तोडावं लागतं. रस्त्याच्या दुभाजकात, टँकरच्या मर्जीवर जगणारी बोगनवेल मार्च-एप्रिलमध्ये आग लागल्यासारखी पेटते आणि आपण रोज तांब्याभर पाणी घालतो ती नुसती काटेरी वेल होऊन बसते. पानं जराशी मलूल होईपर्यंत तिला पाणी देऊ नका.

मोगऱ्यालाही हाच न्याय लागतो, फक्त ऋतू धरून. पालघरकडचे, विक्रमगड-जव्हारचे मोगरा उत्पादक हिवाळ्यात पाणी कमी करून झाडाला ताण देतात, मग छाटणी, खत, पाणी. त्यानंतरच्या नव्या फुटीच्या टोकांना कळ्या लागतात. आपण मात्र छाटायला जीव होत नाही म्हणून जुनाट काड्यांचं जाळं तसंच ठेवतो आणि चैत्रात तक्रार करतो. उलट हायड्रेंजियासारखी काही झुडपं पुढच्या हंगामाची कळी गेल्या वर्षीच्या काडीतच तयार करून ठेवतात. ती थंडीत 'साफसफाई' म्हणून छाटली की वर्षभराचा बहर कचऱ्याच्या गाडीत जातो. हे सगळ्यात चांगलं नाशिकच्या द्राक्षवाल्याला विचारावं. त्याचा घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतो, पण काडीच्या डोळ्यात तो ठरलेला असतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत. आपल्या झुडपाचं फूल नव्या फुटीवर येतं की जुन्या काडीवर, एवढं कळलं तरी निम्मी कोडी सुटतात.

एक कोडं मात्र रात्रीचं आहे. सोसायटीच्या फाटकापाशी पॉइन्सेटियाचं झुडूप असतं, ज्याची वरची पानं नाताळच्या सुमारास लालभडक होतात. एकाच झुडपाची कंपाउंडकडची बाजू लाल आणि दिव्याच्या खांबाकडची बाजू हिरवीच, असं दृश्य मी स्वतः पाहिलंय. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२० साली दाखवून दिलं की अनेक झाडं दिवसाची लांबी मोजून फुलतात. पुढे कळलं की खरं मोजमाप रात्रीचं असतं. पॉइन्सेटियाला सलग काही आठवडे रोज रात्री लांब, अखंड काळोख लागतो. मध्येच एलईडीचा झोत पडला की तिच्या हिशेबाने रात्र मोडली. शेवंतीचे पॉलिहाउसवाले हीच युक्ती उलट वापरतात: रात्री दिवे लावून फुलं लांबवतात आणि हवी तेव्हा बाजारात आणतात.

कळी आली, वाढली, पण उमलत नाही, ही तक्रार गुलाबाची. पावसाळ्यात भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबाची बाहेरची पाकळी भिजून, वाळून कागदी खोक्यासारखी होते आणि आतलं फूल कोंडून कुजतं. रोग नाही, हवा दमट आहे. वेळेत पाहिलं तर नखाने ती बाहेरची पाकळी सोलून काढा, पुष्कळदा फूल उमलतं. पण कोरड्या दिवसांत कळी अर्धवट उघडून कडा करपल्यासारख्या तपकिरी दिसल्या तर फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटका. पेनाने काढलेल्या रेघेएवढे, पिवळे-तपकिरी जीव चालायला लागले की निदान झालं.

आता येतो तो भाग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. फूल येतं, उमलतं, पण ते फूल वाटत नाही.

माझ्या जिन्याजवळच्या सदाफुलीचं पहिलं हिरवं फूल मला आवडलं होतं, हे कबूल करते. गुलाबी पाकळ्यांवर हिरव्या शिरा उमटल्या होत्या. मला वाटलं, नवीन जात निघाली! पंधरा दिवसांनी पाकळ्या पूर्ण हिरव्या आणि जाड झाल्या. पुढच्या फुलांत तर पाकळ्यांच्या जागी सरळ छोटी पानं, आणि मध्यातून, जिथे बीजकोश असायचा तिथून, आणखी एक बारीकशी फांदी. महिन्याभरात त्या झुडपाची एक बाजू बारीक पिवळट पानांचा झुबका होऊन बसली. तिळाच्या शेतात आणि वांग्याच्या शेतात हे चित्र ओळखीचं आहे. शेतकरी त्याला पर्णगुच्छ म्हणतात, वांग्यावर बोकड्याही म्हणतात.

हे करणारा जीव म्हणजे फायटोप्लाझ्मा. हा जीवाणूच, पण त्याला पेशीची भिंत नसते, आणि तो झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांमध्येच राहतो. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तोवर असे रोग विषाणूंच्या खात्यावर मांडले जायचे. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेतात तुडतुडे, रस शोषता शोषता.

पण पाकळीचं पान होतंच कसं? कारण पाकळी मुळात पानाचंच एक रूप आहे. शाकुंतलाची तोंड भरून स्तुती करणारा जर्मन कवी गटे वनस्पतींचाही वेडा होता. १७९० साली त्याने मांडलं की पान, निदलं, पाकळी, केसर ही सगळी एकाच अवयवाची वेगवेगळी रूपं, आणि त्यासाठी उदाहरण घेतलं ते मधूनच पुन्हा फांदी फुटलेल्या गुलाबाचं. आज जनुकांच्या भाषेत सांगता येतं. फांदीच्या टोकाशी काही प्रथिनं पाळीवर असतात, 'तू पाकळी हो, तू केसर हो' अशी आज्ञा देतात. फायटोप्लाझ्मा स्वतःचं एक प्रथिन सोडतो, जे या आज्ञाधारकांना झाडाच्याच मोडीत काढणाऱ्या यंत्रणेकडे ढकलतं. आज्ञा देणारा गेला की अवयव आपल्या मूळ वळणावर जातो, म्हणजे पान होतो. फूल करण्यात जी ताकद जायची ती आता कोवळ्या पानांत, आणि तुडतुड्यांना अशी झाडं जास्त आवडतात असं प्रयोगांत दिसलंय. जंतूने झाडाकडून आपल्या गाडीवाल्याची खानावळ काढून घेतली, असंच म्हणायचं.

यावर घरगुती औषध नाही. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं रोग दाबतात, घालवत नाहीत, आणि अंगणात ती ओतत बसणं शहाणपणाचंही नाही. एक फांदी छाटून भागत नाही, कारण जंतू रसातून झाडभर फिरलेला असतो. मी ती सदाफुली मुळासकट उपटली आणि तिच्या फांद्या रोपं करायला कुणाला दिल्या नाहीत. शेजारीण 'हिरवी सदाफुली दे ना' म्हणत होती, तिला नाही म्हणताना जरा वाईट वाटलं. मोगऱ्यावरही असा रोग येतो. कळ्यांच्या जागी हिरवे गोंडे दिसले की तोच विचार करायचा.

गुलाबात मात्र घाई करू नका. फुलाच्या मधून देठ निघून त्यावर दुसरी कळी, किंवा मध्यभागी हिरव्या पानांचा गुच्छ, असं एखाद-दुसऱ्या फुलात झालं आणि बाकी झाड निरोगी असलं, तर बहुतेक वेळा कळी घडत असताना तापमानाने मारलेली उडी किंवा जास्तीचं नत्र एवढंच कारण असतं. काही जातींना तर ती खोडच असते. ते फूल खुडा आणि पुढच्या बहराची वाट पाहा. पुढची दहाही फुलं तशीच आली, पानं बारीक झाली, तर मग सदाफुलीचा नियम.

उरला रंग. "नर्सरीवाल्याने फसवलं, लाल गुलाब म्हणून घेतला आणि दोन वर्षांनी बारीक गुलाबी फुलं" ही कैफियत मी इतक्यांदा ऐकलीय, आणि एकदा स्वतःच केलीय. माझ्या गुलाबाला बुंध्यातून एक दांडगी, सरळसोट फांदी फुटली. मी हरखून तिला काठीचा आधार दिला, खत घातलं. सहा महिन्यांत मूळचा लाल गुलाब वाळला आणि या फांदीवर झुबक्यांनी फिकट फुलं आली. नर्सरीवाल्याशी भांडायला गेले, तर त्याने शांतपणे विचारलं, "ताई, फांदी डोळ्याच्या वरून फुटली होती की खालून?" कलमी गुलाब म्हणजे एका शरीरात दोन झाडं. खाली काटक रानटी गुलाबाचा खुंट, वर त्यावर भरलेला लाल गुलाबाचा डोळा. डोळा भरलेल्या जागी बुंध्यावर गाठ दिसते. तिच्या खालून जे फुटतं ते खुंटाचं, आणि खुंट दांडगा असल्यामुळे वरच्याचं खाणं तोच खातो. पानाला पाच पत्री की सात हे मोजून ओळखायचा नियम सरसकट खरा नाही, काही कलमी गुलाबांनाही सात पत्री येतात. माती बाजूला करून फांदी कुठून निघालीय ते बघणं हीच खात्री. ती कापू नका, कापली की तिथून चार फुटतात. उगमाशी धरून खाली ओढून उपटून काढा.

खुंटाचा प्रश्न नसताना एकाच फांदीवर वेगळा रंग आला तर मात्र खूश व्हा. वाढणाऱ्या टोकातल्या पेशीत बदल झाला की ती सबंध फांदी वेगळी निपजते. कोलकात्यात सापडलेली 'मेरी पामर' ही बोगनवेल अशीच, एकाच झाडावर पांढरी आणि किरमिजी रंगीत पानं घेऊन मिरवते. आणि सकाळी पांढरी, दुपारी गुलाबी, संध्याकाळी लालसर होणारी जी जास्वंद असते ती आजारी नाही, तिचं ते रोजचंच आहे.

कोकणातून आणलेलं अनंताचं झाड देशावर का रुसतं, हाही शेवटी मातीचाच मामला. जांभ्याची माती आम्ल, आपली काळी माती चुनखडीची, वरून बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असतं पण मुळांना उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात, कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन गळतात. हिराकस घालून उपयोग थोडा, कारण चुन्यात तेही अडकून बसतं. चिलेटेड लोह (म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं), पालापाचोळ्याचं खत भरलेली वेगळी कुंडी आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी, याने फरक पडतो. हायड्रेंजियाची निळाई-गुलाबीही मातीवरच ठरते. आम्ल मातीत अ‍ॅल्युमिनियम मोकळं होतं आणि फूल निळं येतं, चुन्याच्या मातीत गुलाबी. शाळेतल्या लिटमसच्या बरोबर उलट, म्हणून लक्षात राहतं.

काकूंनी गणपतीला फुलं मंडईतून आणली. नवरात्रात मात्र घटाला रोज दोन-तीन जास्वंदी घरच्या होत्या, आणि कळ्या वेचायची पिशवी अजूनही गॅलरीच्या खिळ्याला लटकलेली आहे. परवा त्यांचा फोन आला. मोगऱ्याच्या कळ्या बुडाशी फुगून जांभळट पडल्यात आणि गळतायत म्हणे. मी सांगायला लागले की ती माशी मोगऱ्यावरही येते, तर मध्येच तोडून म्हणाल्या, "ब्लेड आहे माझ्याकडे. तू भिंग तेवढं घेऊन ये."